बाई बोलत होत्या, आम्ही शाल बघत होतो

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या आस्किनो बेटाचे महापौर माननीय श्री. पेरिक्लिस वालसामिस, त्यांच्या शेजारी बसलेले, आपल्या सगळ्यांची लग्नं लावणारे आणि पुढेमागे आपल्या सगळ्यांना शेवटचा निरोपही देणारे पूज्य पापा-स्त्रातिस, आजच्या उत्सवमूर्ती, आस्किनो टीव्हीच्या वृत्तनिवेदिका आदरणीय कलिरोईबाई, समोर बसलेल्या माता-भगिनी, मच्छीमार बांधव, शाळेतले गुरुजन, आणि आत जागा असूनही दाराशीच सिगारेट ओढत उभे राहिलेले माझे रोजचे गिऱ्हाईक मित्र, आपणा सर्वांना आर्गिरिस कॉफीवाल्याचा मनःपूर्वक नमस्कार.

बंदरावर माझं कॉफीघर आहे, हे सांगायची गरज नाही. तुमच्यातले निम्मे लोक तिथूनच उठून इथे आलेत आणि उरलेले निम्मे इथून उठून तिथे जाणार आहेत. महापौरसाहेबांनी मला बजावलंय, आर्गिरिस, थोडक्यात आटप. साहेब, तुमचं भाषण सुरू झालं तेव्हा माझी दाढी गुळगुळीत होती. आता हात लावून बघा. तेव्हा मलाही थोडी सवलत असू द्या.

पण मंडळी, बाईंच्या निरोपाला बोलायला मलाच का उभं केलं असेल? मी तर त्यांचा प्रतिस्पर्धी! बाई या बेटावर यायच्या आधी इथली बातमी माझ्या कॉफीघरात तयार व्हायची. सकाळी एखाद्याला शिंक आली की दुपारपर्यंत त्याला न्यूमोनिया व्हायचा, आणि संध्याकाळी फाशांचा डाव मांडून बसलेले लोक त्याच्या ऑलिव्हच्या झाडांच्या वाटण्या करायचे. तो बिचारा बाजारात भाजी घेत असायचा. काय रंगत होती त्या दिवसांना! मग या आल्या अथेन्सहून, आणि सगळ्याचा विचका केला. शिंक म्हणजे शिंक. पुढे काही नाही.

सहकारी सोसायटीच्या बर्फाच्या कारखान्यावर ती एक खोली आहे ना, तेच आपलं टीव्ही केंद्र. एक टेबल, एक कॅमेरा, कॅमेऱ्यामागे पांदेलिस, आणि समुद्राकडे उघडणारी एक खिडकी. अथेन्समधल्या मोठ्या वाहिनीवर झळकणारी बाई तिथे येऊन बसली, तेव्हा सगळ्या बेटाला वाटलं, नक्की काहीतरी भानगड करून आली असणार. मी तर तोंडावरच विचारलं. कॉफीवाल्याला तेवढा हक्क असतो. बाई म्हणाल्या, "आर्गिरिस, तिकडे माझ्या पाठीमागे पडद्यावर आग धगधगायची, खालून लाल पट्टी पळायची आणि मी दर वाक्याला धक्कादायक म्हणायचे. एक दिवस आईचा फोन आला. म्हणाली, बाळ, बातम्या छान दिल्यास, पण उद्या आमच्याकडे पाणी येणार आहे का? मला सांगता येईना. देशभराला घाबरवून झालं होतं, आणि आईला पाण्याचं सांगता येईना."

म्हणून त्या इथे आल्या आणि आम्हाला पाण्याचं सांगू लागल्या. कोणत्या आळीला किती वाजता पाणी, आज कुठलं औषधाचं दुकान उघडं, डोळ्यांचा डॉक्टर बोटीने कधी येणार, आज कोणत्या संताचा दिवस आणि त्या संताचं नाव असलेल्या कुणाकुणाला शुभेच्छा द्यायच्या, आणि सगळ्यांत शेवटी वारा आणि बोटी. आम्हाला वाटलं, ही काय पत्रकारिता झाली? कॉफीघरातल्या चार टाळक्यांना पंतप्रधानांचं काय चुकलं ते हवं होतं. आमचं शिष्टमंडळ घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. बाई म्हणाल्या, "माझं मत हवंय? जरूर. रविवारी घरी या, कॉफी मी करते, दोन तास शिव्या देऊ. टीव्हीवरचा वेळ मात्र लोकांचा आहे, माझ्या मतांसाठी तो नाही." आम्ही गेलो रविवारी. मतं चांगली होती. कॉफी भिकार होती. बाई, आज निरोपाच्या दिवशी सांगून टाकतो, ती कॉफी मी तुमच्या जिरेनियमच्या कुंडीत ओतली होती.

असो. बाईंची तत्त्वं तुम्हाला या व्यासपीठावरून बऱ्याच जणांनी सांगितली. निःपक्षपातीपणा वगैरे. मी तुम्हाला शालीचं सांगतो. बघा, हसायला लागले लोक! सगळ्यांना ठाऊक आहे. पण शाळेच्या नव्या मास्तरीणबाई आल्या आहेत, त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं.

बाईंची एक राखाडी लोकरीची शाल होती. त्या आल्यानंतरच्या पहिल्याच वसंतात एक दिवस सरकारी हवामानखात्याने सांगितलं, वारा तीन बोफर, म्हणजे वाऱ्याच्या मापात नुसती झुळूक, समुद्र शांत. बाईंनी ते जसंच्या तसं वाचलं, पण अंगावर शाल होती. का होती? थंडी वाजत असेल. आणि दुपारनंतर मंडळी, उत्तरेचा असा काही वारा सुटला की धक्क्यावरचे दिव्यांचे खांब वाकले. त्या दिवशी आमचा म्हातारा निकितास होडी घेऊन गेला नव्हता. लोकांनी विचारलं, तुला कसं कळलं? तो म्हणाला, "बाईंनी शाल घेतली होती की!"

झालं! त्या दिवसापासून अख्खं बेट शाल बघायला लागलं. शाल असली की होड्या दोराला. नसली की जाळी समुद्रात. बाई वारा सांगायला लागल्या की माझ्या कॉफीघरात फाशांचे आवाज थांबायचे, सगळ्यांच्या माना वर. तुम्ही म्हणाल, काय आज्ञाधारक श्रोते! अहो, एकही जण ऐकत नव्हता. मी टीव्हीचा आवाज बंद केला तरी कुणी तक्रार करत नसे. शाल चुकली तर म्हणायचे, आज पहाटे हवा वेगळी होती. आणि बरोबर आली की मग काय विचारता, जणू खलाशांच्या संत निकोलसने स्वतः विणून दिली होती.

आणि गंमत काय, हे सगळ्या बेटाला माहीत, समोरच्या थिमारी बेटाला माहीत, बोटीवर तिकिटं फाडणाऱ्याला माहीत. फक्त एका माणसाला माहीत नाही. कलिरोईबाईंना! बातमी देणारीलाच बातमी नव्हती. मी एकदा म्हटलंही, अरे सांगूया त्यांना. तर निकितास माझ्या अंगावर आला. "शहाणा आहेस! सांगितलंस की त्या विचार करून शाल घेतील. मग ती शालही सरकारी होईल. राहील काय आपल्याकडे?"

आता मूळ विषयाकडे येतो. माझ्या लेकीच्या, मिर्सिनीच्या लग्नाकडे. मिर्सिनी, डोळे वटारू नकोस, मी जपून बोलणार आहे.

मुलगा थिमारीचा, याकुमिस, मोठ्या जहाजावर नोकरीला. लग्न ठरलं जुलैच्या शेवटच्या दिवशी, संध्याकाळी, आपल्या बंदरावरच्या चर्चमध्ये. दुसऱ्या दिवसापासून पानायियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या सणाचे उपास. उपासात लग्न नाही, आणि चर्चचा दिवस सूर्य मावळताच बदलतो. उपास संपायच्या आत याकुमिसचं जहाज पिरेयसहून निघणार ते थेट पुढच्या वसंतात परत. आणि पुढचं वर्ष लीप वर्ष! लीप वर्षात लग्न करायचं नाही, हे इथल्या दगडांनाही ठाऊक आहे. माझी बायको अनेझो तर म्हणाली, लीप वर्षात लग्न लावायचं असेल तर आधी मला पुरा. म्हणजे काय, तर तो दिवस हुकला की दीड-दोन वर्षं गेली. तरी काय बिघडलं, असं तुम्ही म्हणाल. पापा-स्त्रातिस, जरा कानावर हात ठेवा. बिघडलं हे, की मिर्सिनीला तेव्हा तिसरा महिना होता. आता लपवून काय उपयोग? तो नातू शाळेत जातो आणि त्याच्या मास्तरणींना हिशेब येतो.

तेव्हा कोकरं भट्टीत गेली होती. साखरबदामांच्या पुरचुंड्या बांधून झाल्या होत्या. मैत्रिणींनी रिवाजाप्रमाणे मिर्सिनीच्या बुटाच्या तळव्यावर आपापली नावं लिहिली होती. थिमारीहून वऱ्हाड दुपारनंतर होड्यांतून निघणार होतं. नवरा तिकडे, लग्नाचे मुकुट तिकडे, मुकुट बदलणारा साक्षीदार तिकडे, फिडलवाला आणि लाऊतो वाजवणाराही तिकडेच. आपल्याकडे होती फक्त नवरी आणि कोकरं.

मी नव्या सुटात कॉफीघरात उभा. दुपारच्या बातम्या लागल्या. बाई आल्या. अंगावर शाल!

बाई सांगत होत्या, दक्षिणेचा मंद वारा, दोन बोफर, रात्रीपर्यंत समुद्र शांत. मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी धावत धक्क्यावर गेलो. समुद्र बशीत ओतलेल्या तेलासारखा. एक सुरकुती नाही. तेवढ्यात फोन वाजला. माझे व्याही, कॅप्टन झान्निस.

"आर्गिरिस, आम्ही काही निघत नाही."

"अहो व्याही, समुद्र बघा की! दारात उभे राहा आणि बघा!"

"आत्ताचं काय बघायचं? संध्याकाळचं बघायचं. बाईंनी शाल घेतलीय. माझ्यासोबत बायका-पोरं आहेत."

"पण बाई तोंडाने काय म्हणाल्या, ते ऐकलंत का?"

"तोंडाचं काय सांगता! तोंडाने सरकारचं बोलायचं असतं. शाल त्यांची स्वतःची आहे."

मंडळी, त्या क्षणी मला व्याह्यांचा गळा धरावासा वाटला. पण आज विचार करतो, किती मोठी गोष्ट बोलून गेला तो माणूस! आपल्या लोकांनी इतक्या वर्षांत इतक्या जणांची तोंडं ऐकली आहेत, की शब्द आला की आम्ही पहिल्यांदा विचारतो, हा कुणाच्या बाजूने बोलतोय? मग आम्ही त्याचे हात बघतो, भुवया बघतो, कपडे बघतो. महापौरसाहेब, तुम्ही रस्ता होणार म्हणून जाहीर केलंत, तेव्हा आम्ही तुमच्या मेव्हण्याने खडी मागवली का तेच बघत होतो. रागावू नका, पण मागवली नव्हती.

मी बर्फाच्या कारखान्याचा जिना चढलो. सुटाचं बटण तुटलं, गळ्यातला टाय पाठीवर. आत पाऊल टाकतो तर काय, हाडं गोठवणारी थंडी! का? तर महापौरसाहेबांनी केंद्राला नवं कोरं वातानुकूलन यंत्र भेट दिलं होतं. ते चालू व्हायचं, बंद व्हायचं नाही. थेट बाईंच्या मानेवर वारा. म्हणून शाल. एवढंच!

"बाई, शाल काढा!"

"काय झालं आर्गिरिस? बसा आधी. मुलीचं लग्न ना आज?"

"बसायला वेळ नाही. शाल काढा आणि पुन्हा एकदा टीव्हीवर या. बोलू नका काही, नुसतं येऊन बसा."

"पांदेलिस, हे काय म्हणतायत?"

"बाई, मला जरा लेन्स पुसायचीय," पांदेलिस म्हणाला आणि कॅमेऱ्यामागे लपला.

मग मी सगळं सांगितलं. बाई खुर्चीत बसल्या. तो चेहरा मी विसरणार नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "म्हणजे मी रोज बंदरावर विचारते, दीपगृहात विचारते, दोन्ही ताडून बघते, मग बोलते. आणि तुम्ही शाल बघता?"

"सगळेच नाही बाई. काही जण स्कार्फही बघतात."

"पापा-स्त्रातिससुद्धा?"

"पापा-स्त्रातिस तर थिमारीला निघायच्या आधी माझ्याकडे माणूस पाठवून विचारतात."

पापा, माफ करा, पण निरोप समारंभात खरं बोलावं लागतं.

मला वाटलं, झालं काम. आता शाल काढतील. पण बाईंनी ती आणखी घट्ट लपेटली. "नाही काढणार."

"बाई!"

"आज मी ही काढली, तर उद्यापासून शाल हीच बातमी. उद्या मला उकडेल, मी ही बाजूला ठेवीन आणि कुणीतरी वादळात होडी घालील. त्याच्या बायकोला काय सांगू? बाईंना उकडत होतं म्हणून तुमचा नवरा गेला?"

"बाई, तत्त्वं उद्या! माझी पोरगी तिकडे पांढऱ्या झग्यात बसलीय. सूर्य मावळला की उपास लागला. सूर्य काही तुमच्या पत्रकारितेसाठी थांबणार नाही!" मी आणखीही पुष्कळ बोललो. या व्यासपीठाच्या प्रतिष्ठेला शोभणार नाही असं बोललो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या, खिडकीतून पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "पांदेलिस, कॅमेरा लाव."

तुमच्यापैकी बहुतेकांनी ते पाहिलंय. शाल अंगावर, मागे यंत्राची घरघर. बाई म्हणाल्या, "नमस्कार. मला आत्ताच कळलं की तुम्ही माझी शाल बघून होड्या काढता. ही शाल मी घेतली, कारण महापौरांनी दिलेलं यंत्र बंद होत नाही. हिला वाऱ्यातलं काही कळत नाही. मलाही कळत नाही. मी बंदर अधिकाऱ्यांना विचारलं, दीपगृहातल्या माणसाला विचारलं, दक्षिणेकडून येणाऱ्या बोटीच्या कप्तानाला विचारलं. तिघंही म्हणाले, रात्रीपर्यंत समुद्र शांत. म्हणून मी तसं सांगितलं. यात माझं एकच काम आहे, खरं विचारणं आणि जसंच्या तसं सांगणं. कॅप्टन झान्निस, तुमचा यावर विश्वास नसेल, तर थांबा तिथेच. मी तुम्हाला न्यायला येते. शाल घालून येते."

पांदेलिसच्या हातून लेन्सचं झाकण पडलं. कारण बेटावर हे सगळ्यांना माहीत होतं, की बाईंना पाणी सोसत नाही. बोट धक्क्याला बांधलेली असतानाही त्यांना मळमळतं. या बेटावर त्या आल्या त्या आल्या, परत अथेन्सला जायचं टाळायच्या ते काही केवळ आपल्या प्रेमामुळे नाही.

माझ्या मेव्हण्याच्या होडीत आम्ही बसलो. मी, मेव्हणा आणि बाई. पांदेलिस कॅमेरा घेऊन गच्चीवर चढला आणि इकडून तिकडे जाणारी ती होडी त्याने सगळ्यांना थेट दाखवली. समुद्र इतका शांत, इतका शांत, आणि बाईंचा चेहरा हिरवागार! माझ्या कोटाच्या खिशातलं कार्नेशनचं फूल त्यांनी नाकाशी धरलं होतं. मी म्हटलं, बाई, परत फिरू या का? त्यांनी मान हलवली. तोंड उघडायची त्यांना भीती वाटत होती.

थिमारीच्या धक्क्यावर सगळं वऱ्हाड उभं. घराघरांतून टीव्ही बघून थेट खालीच आले होते. बाई होडीतून उतरल्या, एका खांबाला धरून उभ्या राहिल्या. कॅप्टन झान्निसांनी टोपी काढली.

"बाई, तुम्ही? शाल घालून पाण्यातून?"

"हो. निघताय का?"

व्याह्यांनी शालीकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं, पुन्हा शालीकडे. "म्हणजे शाल खोटी?"

"शाल खोटी नाही, कॅप्टन. शाल मुकी आहे. बोलते ती मी."

तरी व्याही दाढी खाजवत उभे! शेवटी विहीणबाई पुढे झाल्या. "अहो, ही बाई जीव मुठीत धरून आली, हिरवी पडलीय बिचारी, आणि तुम्ही अजून लोकर न्याहाळताय? चला, चढा होडीत!" माझ्या विहीणबाईंना मी त्या दिवसापासून मानतो. त्यांच्यापुढे व्याही काय, वाराही थांबेल.

आणि मग काय सांगू तुम्हाला! होड्यांची रांग लागली, पहिल्या होडीत फिडल, दुसऱ्या होडीत लाऊतो, मधल्या होडीत नवरदेव उभा, बस म्हटलं तरी बसेना. आपल्या धक्क्यावर सगळं बेट. चर्चच्या दाराशी पापा-स्त्रातिस नव्हतेच. सूर्य टेकडीला टेकला होता आणि पापा घंटाघरावर चढून बसले होते. खालून अनेझो ओरडली, "पापा, मावळला का हो?" वरून पापा म्हणाले, "मला इथून अजून दिसतोय!" नंतर काही लोक कुजबुजले की तो मावळला होता. मंडळी, पापा वर होते. वरून सूर्य जरा जास्त वेळ दिसतो. ज्यांना शंका असेल त्यांनी चढून बघावं, पायऱ्या पुष्कळ आहेत.

मी मिर्सिनीचा हात याकुमिसच्या हातात दिला तेव्हा मला रडू फुटलं. मोठ्याने रडलो. आणि मागे वळून बघितलं, तर शेवटच्या बाकावर कलिरोईबाई, शाल मांडीवर, रंग पुन्हा माणसात आलेला, आणि त्याही रडत होत्या. इतका आनंद मला आयुष्यात पुन्हा झाला नाही. झाला तर नातवाच्या वेळी झाला, पण तोही त्याच दिवसाचा हप्ता समजा.

पण मंडळी, बाईंचा तो विषय तिथे संपला नाही. लग्न आमचं झालं, लढाई त्यांची सुरू झाली. लोकांची शाल सोडवायची कशी? तर पुढचं सगळं वर्ष बाईंनी कपड्यांचा असा काही गोंधळ घातला की विचारू नका. आठ बोफरचं वादळ आणि बाई बिनबाह्यांच्या फुलाफुलांच्या झग्यात! कडक उन्हाळा, डांबर वितळतंय, आणि बाई लोकरीच्या कोटात, कपाळावरून घाम ओघळतोय, आणि सांगतायत, समुद्र शांत. निकितासने महिनाभर त्यातूनही काही संगती लावायचा प्रयत्न केला. फुलं म्हणजे पश्चिमेचा वारा, असं त्याचं एक मत होतं. शेवटी त्याने हात टेकले आणि मला म्हणाला, "आर्गिरिस, टीव्हीचा आवाज मोठा कर रे जरा."

आणि तेव्हापासून बाईंची ती बोलायची पद्धत सुरू झाली, जी आता आपली पोरंही घरात वापरतात. हे मला अमक्याने सांगितलं. हे मी स्वतः पाहिलं. आणि हे मला माहीत नाही. टीव्हीवर बसून हे मला माहीत नाही म्हणणारी माणसं तुम्ही किती पाहिलीत? माझ्या कॉफीघरात तर एकही नाही. तिथे सगळ्यांना सगळं माहीत असतं. पूर्वी मला ते आवडायचं. आता कुणी काही सांगायला लागलं की दुसरा विचारतो, "तुला कुणी सांगितलं?" आणि अर्ध्या गप्पा जागच्या जागी मरतात. बाई, माझा धंदा बसला तुमच्यामुळे!

आता माझ्या बोलण्याचा शेवट. महापौरसाहेबांनी मघाशी या सभागृहाच्या डाव्या बाजूच्या रिकाम्या रांगांबद्दल तुमच्यापाशी दिलगिरी व्यक्त केली. म्हणाले, थिमारीच्या बांधवांना येणं जमलं नाही. साहेब, मला तुमची दिलगिरी परत घ्यायला लावायची आहे.

आज दुपारी बाईंनी त्यांच्या शेवटच्या बातम्या दिल्या. त्यांनी सांगितलं, बंदर अधिकाऱ्यांचा आणि दीपगृहाचा असा अंदाज आहे, की संध्याकाळी उत्तरेचा वारा आठ बोफरवर जाईल, लहान होड्या काढू नका. हा अंदाज आहे, चुकूही शकतो, असंही म्हणाल्या. त्यांना माहीत होतं की आज त्यांचाच निरोप आहे. माहीत होतं की थिमारीची माणसं याच पाण्यातून यायची आहेत, या खुर्च्या त्यांच्यासाठीच मांडल्यात. तरी वाचलं. आवाज जराही न बदलता वाचलं.

मी इथे यायला निघालो तेव्हा धक्क्यावर थांबलो. समुद्र शांत होता. पान हलत नव्हतं. मला वाईट वाटलं. मी व्याह्यांना फोन लावला. म्हटलं, "कॅप्टन, पाणी तर आरशासारखं आहे. बाईंना निरोप द्यायला नाही येणार?"

"नाही. बाईंनी सांगितलंय निघू नका. आम्ही सगळे टीव्हीवरच बघणार."

मला राहवलं नाही. म्हटलं, "व्याही, खरं सांगा, आज बाईंनी अंगावर काय घातलं होतं?"

मग ते म्हणाले, "कोण जाणे. मी ऐकत होतो."

बाई, तुम्ही आज इथे पुष्कळ हार घेतलेत आणि पुष्कळ स्तुती ऐकलीत. पण डावीकडे बघा. या रिकाम्या खुर्च्या बघा. या बेटावर कुणाचाही इतका मोठा सत्कार झालेला नाही.

मंडळी, माझी विनंती आहे, उभे राहा, आणि टाळ्या या खुर्च्यांकडे तोंड करून वाजवा. पांदेलिस, कॅमेरा तिकडे फिरव, थिमारीला दिसू दे. वाजवा, अजून जोरात!

आपण सर्वांनी मला इतका वेळ सहन केलंत, अध्यक्षांनी मला मधेच खाली बसवलं नाही, अनेझोने मला एकदाही चिमटा काढला नाही, त्याबद्दल सगळ्यांचे आभार मानतो. बोलण्याच्या भरात पापा-स्त्रातिसांच्या, महापौरसाहेबांच्या, व्याह्यांच्या आणि माझ्या लेकीच्या बाबतीत जे काही कमी-जास्त निघून गेलं असेल, ते पोटात घाला आणि उद्या कॉफीघरात मला त्यावरून टोचू नका. यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलंय, थोडंसं मला लोकांनी सांगितलंय, आणि बाई नसलेल्या बेटावर उद्यापासून कसं वाटेल, हे मला माहीत नाही. बाई, सुखात राहा. धन्यवाद.